चार बोटांचा उतार

कोठावदे सरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, भिंग उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

टेबलावर पसरलेल्या नकाशांच्या ट्रेसिंगच्या कडा पंख्याच्या वाऱ्याने उचलल्या जात होत्या आणि पुन्हा बसत होत्या. झोपलेल्या माणसाच्या छातीसारख्या. मी उभीच होते. बाकीची टेबलं रिकामी होती, सगळे खाली जेवायला गेले होते. प्रिंटिंगच्या खोलीतून अमोनियाचा वास येत होता. त्या वासाने तिथे सगळ्यांचेच डोळे सदैव पाणावलेले असत, त्यामुळे कोणाचे डोळे ओले दिसले तरी त्या ऑफिसात त्याला काही अर्थ नसे.

"हे तुला कोणी बघायला सांगितलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही, सर. लांबी जुळत नव्हती."

"कितीने?"

"हातभर."

"हातभर लांबी जुळली नाही म्हणून तू जुनी फाइल उघडलीस."

"हो."

"तुझ्या जागी दुसरं कोणी असतं, तर जुळवून घेतली असती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला निदान दिशा असते. त्यांनी चष्मा काढला, कपाळावर दोन बोटं दाबली आणि खिडकीकडे पाहत राहिले. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीची मागची भिंत आणि तिच्यावरून उतरलेले पाइप.

नाशिकला मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं, इथे पूल काढायला मिळतील. मिळाली ती गटारं. तारणखेड म्हणून कांद्याच्या बाजाराचं एक गाव, गोदावरीच्या काठाने खाली गेलं की लागणारं. त्या गावाची भुयारी गटार योजना आमच्याकडे आली होती. पट्टी ठेवून एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंतची लांबी मोजायची, दोन्ही टोकांच्या पातळ्यांची वजाबाकी करायची, लांबीने भागायचं आणि पाइपच्या रेघेवर उतार लिहायचा, एवढंच माझं काम. चुकलं की शाई ब्लेडच्या पात्याने अलगद खरवडायची. सांडपाण्याला स्वतःची काही इच्छा नसते. त्याला फक्त उतार असतो, आणि तो आपण द्यायचा असतो. हे काम मला आवडू लागलं होतं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

सर्वात शेवटचा होता सात नंबरचा कागद. त्यावर वडारवाडी होती.

वडारवाडी गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याला चिकटून. तिथल्या लोकांनी काही वर्षांपूर्वी गटारासाठी अर्ज केला होता, तेव्हा कोणीतरी येऊन वस्तीचा सर्व्हे करून गेलं आणि फाइल बंद झाली. आता साऱ्या गावाची योजना निघाल्यावर आमच्या माणसांनी गाव नव्याने मोजलं, पण वस्ती मोजली नाही. ती मोजलेली होतीच. जुना कागद नव्याला जोडून टाकला. असं सगळीकडे करतात, आणि त्यात गैर काही नाही. अट एकच, की दोन्ही मोजण्या एकाच खुणेपासून सुरू झालेल्या हव्यात. गावात सर्व्हे करताना न हलणारी एक जागा धरतात, तिची उंची शंभर मानतात आणि गावातला प्रत्येक चढ नि प्रत्येक उतार तिच्यापासून मोजतात. देवळाची पायरी त्यासाठी सगळ्यात बरी. शाळा पडतात, पूल वाहून जातात. देवळाची पायरी कोणी काढत नाही. तारणखेडला दोन्ही वेळा मारुतीच्या देवळाची सगळ्यात खालची पायरी धरली होती.

मी दोन कागद जोडत होते, आणि देवळाच्या ओट्याच्या कोपऱ्यापासून चौकातल्या चेंबरपर्यंतची लांबी जुन्या कागदावर एक भरत होती, नव्यावर दुसरी. नव्या कागदावर ओटा पुढे आला होता. म्हणून मी दोन्ही सर्व्हेंच्या फाइलींतून फोटो बाहेर काढले. जुना काळा-पांढरा: पायरीवर मोजपट्टी उभी धरलेला माणूस, मागे हापसा. नवा रंगीत: पायरीवर मोजपट्टी उभी धरलेला दुसरा माणूस, मागे तोच हापसा. जुनी पायरी काळ्या दगडाची, मधोमध झिजलेली. नवी ग्रॅनाइटची, आरशासारखी. भिंगातून पाहिलं तर हापशाची तोटी जुन्या फोटोत मोजपट्टीच्या ज्या आकड्यासमोर होती, नव्या फोटोत त्याच्या वीतभर खाली आली होती.

"हापसा बदलला असेल," सर म्हणाले.

"दांड्याला पट्टी वेल्डिंग केलीय, सर. दोन्ही फोटोंत आहे."

"फोटो वेगळ्या जागेवरून काढला असेल."

"तेवढ्याने वीतभर फरक पडेल?"

त्यांनाच ते पटत नव्हतं. "म्हणजे पायरी वीतभर वर गेली," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि आपण ती जिथल्या तिथे आहे असं धरलं. म्हणजे गावाची मोठी लाइन कागदावर दिसते त्यापेक्षा वीतभर वर बसणार. आणि वस्तीची लाइन चौकात येऊन तिला मिळते तेव्हा किती वर असते?"

"चार बोटं."

"चार बोटं."

वस्तीचं पाणी मोठ्या लाइनीत चार बोटं वरून पडायचं होतं. खरी गोष्ट अशी होती, की ते तिच्या खालून येणार होतं. पाणी वर चढत नाही. मग जे वरच्या लाइनीत आहे, तेच खाली येतं.

"मोठी लाइन खाली घेता येणार नाही?" मी विचारलं.

"कुठपर्यंत? वीतभर चौकात खाली घेतली, तर पार शुद्धीकरणाच्या प्लँटपर्यंत खाली घ्यावी लागेल. सगळा काळा खडक आहे. ती योजनाच राहणार नाही." त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवले. "वस्तीला पंपघर लागेल. जागा, वीज, माणूस. ते या टप्प्यात नाही. म्हणजे वस्ती दुसऱ्या टप्प्यात."

"दुसरा टप्पा कधी असतो, सर?"

"तू इथे किती वर्षं आहेस, शेवाळे?"

"दोन."

"मी बावीस. मी अजून एकाही गावाचा दुसरा टप्पा पाहिला नाही."

मी म्हटलं, उद्या माणूस पाठवून पायरी पुन्हा मोजून घेऊ. त्यावर ते हसल्यासारखे झाले. "उद्या सकाळी कागद मंजुरीसाठी मुंबईला समितीपुढे आहेत. आणि मोजलं की ते लिहावं लागतं. आत्ता आपल्याकडे काय आहे? दोन फोटो आणि एक हापसा. खात्री नाही. जोवर खात्री नाही, तोवर ती शंका आहे. शंका कागदावर येत नाही."

मग त्यांनी पेन काढलं आणि सातही कागदांवर कोपऱ्यातल्या चौकटीत सही केली. सात नंबरवर केली तेव्हा त्यांचा हात थांबला नाही, पण घाईही झाली नाही.

"सही केलेला कागद काढून ठेवता येतो," ते म्हणाले, "न केलेला घालता येत नाही. मला सिन्नरच्या साइटवर जायचंय. गुंडाळी न्यायला संध्याकाळी माणूस येईल. सात नंबर आत ठेवायचा की काढायचा, ते तू बघ."

"मी?"

"लांबी तुझी जुळली नाही ना."

ते गेले. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला, आणि तो नाहीसा झाल्यावरही मी ऐकत होते.

अंबूताई धोत्रे आल्या तेव्हा मी त्याच जागी होते. त्या वडारवाडीच्या. अंगणवाडीत सेविका होत्या, आणि तो पहिला अर्ज त्यांनीच लिहिला होता. महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने येत, आमच्या टेबलापाशी उभ्या राहत, चहा घेत आणि जात. त्या आल्या की टेबलावरच्या माणसांची मान खाली जाई आणि लगेच वरही येई, कारण त्या कोणाला अवघडू देत नसत.

"काय ओ मॅडम, अजून रेघाच ओढताय?" त्या दारातूनच म्हणाल्या. "आमची सून तेवढ्यात बी. ए. झाली."

"झाल्या त्या?"

"झाली की. अन् गेली माहेरी. म्हणती, संडास चालू झाला की फोन करा." त्यांनी पिशवीतून भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगांची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. "तिचं काय चुकलं सांगा. ओढ्याच्या कडंला अंधारात बसायचं तिच्या सासूला सवयीचं, तिला कशाला असंल?"

"तुमचा बांधून झालाय ना?"

"कधीच. निळ्या फुलांच्या फरश्या लावल्यात. दाराला कडी आहे. आत शेळीचं करडू बांधतो." त्या मोठ्याने हसल्या. "बबनच्यात कांदा भरलाय. रखमाच्यात तिची म्हातारी दुपारची झोपती, गार लागतं म्हणून. साऱ्या वाडीत संडास झालेत, मॅडम, फक्त त्याच्या खाली काही नाही. मीच सांगितलं ना घरोघर. लाइन येती, आधी बांधून ठेवा. आता मला संडासबाई म्हणतात. मी म्हणते, म्हणा. पाणी गेलं की नाव बदलाल."

"शोषखड्डा नाहीच घेता येत?"

"खाली सगळा खडक. आमी जल्मभर दगड फोडणारी माणसं अन् आमच्याच दारातला दगड आमच्याच्यानं फुटंना."

त्यांनी पदराने बोटं पुसली, मग विचारलं, "कुठंय आमचं?"

मी सात नंबर दाखवला. ओढ्याची वळलेली रेघ, तिला लागून घरांचे लहान लहान चौकोन. त्यांनी बोट कागदाला न टेकवता वरून फिरवलं, जसं झोपलेल्या मुलावरून हात फिरवावा. "ही अंगणवाडी. हे बबन. हे माझं घर?" मी हो म्हटलं. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "अन् ही निळी रेघ?"

"तो तुमचा पाइप. वाडीतून निघतो आणि मारुतीच्या चौकात मोठ्या लाइनीला मिळतो."

"मारुतीपाशी." त्यांचा चेहरा उजळला. "मग तर आमचाच पाइप. देऊळ बघितलंय तुमी?"

मी नाही म्हणून मान हलवली. फोटो माझ्या हाताखाली पालथे होते.

मी विचारायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही ठरवता येत नाही. मी फक्त एवढंच विचारलं, "ताई, तिथली खालची पायरी नवी आहे का?"

"नवी म्हंजी काय. माझ्या दिरानं बसवली. तिमण्णानं." त्या खुर्चीत सावरून बसल्या. "देवळाचा जीर्णोद्धार काढला, तवा गावातली मोठी माणसं आमच्यात आली. म्हणाली, दगडाचं काम तुमीच करायचं. त्याआधी आमाला त्या ओट्यावर चढू देत नव्हते, मॅडम. देवळाचे दगड घडवले आमच्या आज्यानं, पण पाया पडायचं चौकातून. अन् त्या टायमाला बोलावणं आलं. साऱ्या वाडीनं मजुरी न घेता काम केलं. मी माती वाहिली."

"जुनी पायरी काढली कुठे मग?"

"काढली?" त्यांनी माझ्याकडे, मी फारच लहान असल्यासारखं पाहिलं. "देवाची पायरी कोणी काढतं का? किती माणसांचं डोकं टेकलंय तिच्यावर. ती आहे तिथंच आहे. तिच्या वर सिमेंटचा थर अन् वर ग्रॅनाइट. तिमण्णा म्हणला, खालचीला झोपू द्या, वर नवी अंथरू." त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून टेबलावर वीत उभी केली. "एवढी उचलली. पाण्याची नळी लावून लेव्हल केली त्यानं. उद्घाटनाला आमदार म्हणला, इंजिनिअरलाही जमणार नाही असं काम."

टेबलावर त्यांची वीत तशीच उभी होती. कातडीवर दगडाच्या कणांचे जुने निळे डाग. आता शंका राहिली नव्हती.

मी त्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. पुडीतल्या शेंगा मांडून सांगितलं एवढं आठवतं. ही पायरी, ही मोठी लाइन, ही तुमची. कागदावर असं आहे, जमिनीत तसं असेल. सरांनी मला जे समजावलं होतं तेच मी त्यांच्याच शब्दांत पुढे सांगत होते, आणि माझा आवाज मला त्यांच्यासारखा ऐकू येत होता. अंबूताईंनी वीत हळूहळू मिटली आणि हात मांडीवर घेतला.

"म्हंजी गावाचं आमच्यात येणार," त्या म्हणाल्या.

"हो."

"घरात?"

"सगळ्यात खालच्या घरांत आधी. जिथे संडासाचं भांडं बसवलंय, तिथून वर येईल."

"सगळ्यात खाली माझं." हे त्यांनी तक्रारीसारखं म्हटलं नाही. मग थोड्या वेळाने, "तिमण्णाला हे सांगायचं नाही हां, मॅडम. काहीही झालं तरी."

"नाही सांगणार."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती दोन-चारदा खोकली आणि चालू झाली नाही. मी त्यांना उरलेलंही सांगितलं. सात नंबर काढून ठेवला, तर लाइन वाडीत येणारच नाही. पंपघर लागेल. दुसरा टप्पा. दुसऱ्या टप्प्याबद्दल सर काय म्हणाले, तेही सांगितलं, कारण निदान एखादी गोष्ट लपवली नाही असं मला वाटायला हवं होतं.

"सायेब काय म्हणतात?"

"सर म्हणाले, मी बघायचं."

"तुमी?"

"हो."

त्या कागदाकडे पाहत होत्या. "अन् घातला कागद, तर लगेच येईल का वर? का पहिली काही वर्षं बरी जातील?"

मला तो प्रश्न अपेक्षित नव्हता. मी हिशेब करू लागले, खरोखरच करू लागले. गावात नळजोडण्या किती, मोठी लाइन कधी भरेल. "सुरुवातीला लाइनीत पाणी कमी असतं," मी म्हटलं. "कदाचित वर्ष. कदाचित दोन. नंतर येईल."

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात सून नांदायला येईल." आणि लगेच, "अन् मग तिच्यासमोर वर येईल."

"ताई, समितीला पत्र देता येईल. वाडीच्या नावाने. पंपघर याच टप्प्यात घ्या म्हणून."

"पत्रं मीच लिवते, मॅडम." त्या किंचित हसल्या. "मला माहीत आहे ती कुठं जातात."

चहा आला होता, तो कोणी घेतला नाही. साय धरली. उन्हाचा एक पट्टा सरकत सरकत कागदावर आला आणि वाडीचे चौकोन उजेडात दिसेनासे झाले. मला तो कागद हलवता आला असता. मी नाही हलवला. त्या वेळी मला एवढंच कळत होतं, की ही गोष्ट माझ्या हातात राहू नये. ती कोणाच्या तरी हातात सोपवली, तर माझे हात रिकामे होतील. सर हे करून गेले होते. त्यांच्या वरही कोणीतरी केलं असेल. माझ्या खाली, त्या खोलीत, एकच माणूस होतं.

"ताई," मी म्हटलं, "राहायचं तुम्हाला आहे. तुम्ही सांगा. घालू की काढू?"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत दोष नव्हता, ओळखही नव्हती. अंगणवाडीत नव्याने आलेल्या, अजून नाव न विचारलेल्या मुलाकडे पाहावं तसं काहीसं. मग त्यांनी रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरली, खुर्ची आवाज होऊ न देता मागे सरकवली आणि उठल्या.

"ताई, संध्याकाळी माणूस येईल न्यायला."

त्या दारापर्यंत पोचल्या होत्या. मी मागोमाग जिन्यापर्यंत गेले. खालून दोन हमाल प्लायवुडचा दाराएवढा तुकडा वर आणत होते. जिना अरुंद होता. अंबूताई भिंतीला पाठ लावून, पदर आवरून उभ्या राहिल्या, त्यांना वाट दिली. मधल्या लाकडाआडून मला त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं.

"अंबूताई, काहीतरी सांगा ना. घालू का?"

हमाल वर आले, माझ्या अंगावरून पुढे गेले. जिना मोकळा झाला. त्या कठड्याला हात न लावता, एकेक पायरी सावकाश उतरत, खाली गेल्या आणि रस्त्यावरच्या उन्हात वळल्या.